डावीकडचा पडदा

पाणीपुरवठा कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत बसणाऱ्या नकाशेवाल्यांना सगळे पेंग्विनकाका म्हणत. चालण्याबोलण्यात पेंग्विनचं काही नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी कार्यालयातलं नकाशांचं सॉफ्टवेअर दर महिन्याला रुसून बसायचं आणि कंपनीचा माणूस 'बघतो' म्हणून जायचा तो पुन्हा उगवायचाच नाही. तेव्हा या गृहस्थांनी दोन दिवस दार लावून घेतलं, कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची मोकळी सिस्टिम चढवली, नकाशे काढायचं फुकटातलं सॉफ्टवेअर घातलं आणि डब्याच्या कपाळावर लिनक्सचं बोधचिन्ह असलेला पेंग्विन चिकटवून टाकला. त्या दिवसापासून कॉम्प्युटर कधी रुसला नाही आणि काकांचं नावही सुटलं नाही. वरवर ते नाक मुरडायचे, पण नाव त्यांना मनातून आवडायचं.

काम दोन पडद्यांवर चालायचं. डाव्या पडद्यावर जुना नकाशा, उजव्यावर नवा. जुने नकाशे कुणा मागच्या पिढीतल्या माणसांनी शाईने काढलेले, घडीवर फाटलेले, स्कॅन करून ठेवलेले. डावीकडे बघायचं, उजवीकडे काढायचं. कुठली वाहिनी कुठल्या गल्लीखालून गेली, कुठे वळली, बंद करायचा व्हॉल्व्ह कुठल्या भिंतीपासून किती पावलांवर आहे, हे सगळं. एखादा व्हॉल्व्ह उजवीकडे यायचा राहिला तर खोदणाऱ्यांच्या दृष्टीने तो जगात नाहीच. काका हे सगळ्यांना सांगायचे, आणि इतकी वर्षं त्यांच्या हातून एकही राहिला नव्हता. त्या खुर्चीत मरेपर्यंत नाही तरी निवृत्त होईपर्यंत बसावं, एवढीच त्यांची इच्छा होती. दोन वर्षं उरली होती.

त्या कॉम्प्युटरला दुसरं कुणी हात लावत नसे. मनाई अशी कुणी केलेली नव्हती, पण काकांनी कीबोर्डच्या सगळ्या कळा आपल्या सोयीने अशा काही बदलून ठेवल्या होत्या की साहेबांनी एकदा साधं पत्र छापायला घेतलं आणि अख्खा नकाशा उलटा झाला. मग साहेबांनी कानाला खडा लावला आणि इतरांनीही.

तर एका मंगळवारी सकाळी काकांनी नेहमीप्रमाणे अपडेट घातलं. त्यात ग्राफिक्स ड्रायव्हरही नवा आला. कॉम्प्युटर पडद्यावर जे काही दाखवतो ते या ड्रायव्हरच्या हातून दाखवतो, त्यामुळे तो बिघडला की चित्र बिघडतं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, दोन्ही पडदे उजळले, काका खूश झाले. दहा चाळीसला त्यांनी माउसचा बाण डाव्या पडद्यावर नेला आणि बाण नाहीसा झाला. थोड्या वेळाने तो पुन्हा दिसला. पुन्हा डावीकडे नेला, पुन्हा गेला.

काकांची एक लांब वही होती. तिच्यात त्यांनी लिहिलं, 'मंगळवार, १०:४०. डाव्या पडद्यावर बाण गायब. अपडेटनंतर लगेच.' मग बाह्या सरसावल्या. खरं सांगायचं तर त्यांना थोडा आनंदच झाला होता. बिघाडाचा पिच्छा पुरवण्यात एक सुख असतं, आणि अकरा वर्षांत या यंत्राने त्यांना ते फार थोडं दिलं होतं.

त्यांची पद्धत चोख होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, वहीत लिहायची, दोष कुठे राहतो ते बघायचं. पहिल्या आठवड्यात जुना ड्रायव्हर परत घातला. दोष तसाच. मग कंपनीचा ड्रायव्हर काढून लोकांनी मिळून लिहिलेला मोकळा ड्रायव्हर घातला. तसाच. केबल बदलली, केबल खोचायची जागा बदलली. दोन्ही पडद्यांची अदलाबदल केली, म्हणजे डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. बाण तरीही डावीकडेच हरवायचा. याचा अर्थ पडदे निर्दोष. काकांनी तसं लिहून खाली दोन रेघा मारल्या. हिशेबखात्यातल्या पडून असलेल्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड काढून आणून बसवलं, तेही निर्दोष ठरलं. एकेक संशयित सुटत होता आणि गुन्हा मात्र होतच होता.

त्रास बाणापुरता राहिला नव्हता. उघडलेली खिडकी डावीकडे उघडली की सापडायची नाही. जुन्या नकाशावरच्या नावांची पहिली अक्षरं गळायची. काका डोळे चोळून पुन्हा बघायचे तेव्हा अक्षरं जागच्या जागी. घरी बायको म्हणायची, अहो, त्या दाराच्या चौकटीने तुमचं काय घोडं मारलंय, रोज खांदा आपटताय. डाव्या खांद्यावर काळानिळा डाग पडला होता. काका म्हणायचे, लक्ष नव्हतं, डोक्यात ड्रायव्हर होता. आणि ते खरंच होतं.

लिनक्सवाल्यांचा एक फोरम असतो. तिथे जगभरातले लोक आपापली गाऱ्हाणी मांडतात आणि ज्यांना कळतं ते उत्तर देतात. काकांनी तिथे सविस्तर लिहिलं. जाणकारांनी सौजन्याने कळवलं की आमच्याकडे असं काही होत नाही. एकाने सुचवलं, बाण गेला की पडद्याचा फोटो काढून ठेवा. काकांनी मोबाइलने काढला. फोटोत बाण होता. दुसऱ्यांदा काढला, दुसऱ्यांदाही होता. काकांनी वहीत लिहिलं, 'दोष लपंडाव खेळतो. कुणी बघतंय म्हटलं की साळसूद होतो.' कुठेतरी पाणी मुरतंय एवढं त्यांना कळत होतं. कुठे, ते कळत नव्हतं.

सहाव्या आठवड्यात त्यांना सोबती मिळाला. फोरमवर त्याने स्वतःचं नाव पाखरू ठेवलं होतं. खरं नाव, गाव काहीच ठाऊक नव्हतं; देश दुसरा, एवढंच कळत होतं. त्याने लिहिलं, मलाही हेच. बाण डावीकडे जातो आणि संपतो. अपडेट घातलं त्याच सुमारास सुरू झालं. दीड महिना डोक्याला ताप आहे, बरं झालं तुम्ही भेटलात. काकांना त्या सकाळी इतकं हलकं वाटलं की त्यांनी साहेबांना आपण होऊन चहा पाजला.

हे पाखरू एका बांधकामावर क्रेन चालवायचं. एकोणीस मजल्यांच्या उंचीवर काचेच्या एवढ्याशा खोलीत दिवसभर एकटं, आणि खाली माणसं मुंग्यांएवढी. जेवणाच्या सुट्टीत तिथूनच ते पक्ष्यांचे व्हिडिओ काढायचं आणि सुट्टीच्या दिवशी घरी दोन पडद्यांवर ते जोडत बसायचं. काका आणि पाखरू यांची गट्टी जमली. रोज दुपारी दोघं एकमेकांना दिवसभराचे पराभव कळवायचे. काकांनी सांगितलेलं पाखरू निमूटपणे करायचं. काकांना असं ऐकणारं माणूस कार्यालयात कधी मिळालं नव्हतं.

आठव्या आठवड्यात पाखराने जरा चाचरत लिहिलं. बायकोचं म्हणणं आहे की एकदा डोळे दाखवून ये. परवाची वेळ घेतली आहे डॉक्टरांची. काकांनी त्यावर लांबलचक उत्तर लिहिलं. लिहिताना त्यांना स्वतःचंच कौतुक वाटत होतं. ते असं होतं: 'एकट्याला झालं असतं तर मीही डोळ्यांवर संशय घेतला असता. पण दोन देशांतल्या दोन माणसांचे डोळे एकाच अपडेटनंतर, एकाच बाजूने बिघडतात का? तुम्ही भेटलात म्हणून तर माझी खात्री पटली. दोष ड्रायव्हरमध्येच आहे. धीर सोडू नका, आपण दोघं मिळून शोधू.'

पाखराने लिहिलं, पटलं. वेळ रद्द केली. नवी केबल मागवली आहे, आली की कळवतो.

त्यानंतर त्याचं काही आलं नाही. केबल यायला वेळ लागत असेल, असं काका समजले. आणि मग इकडेच असं काही झालं की पाखराची आठवण मागे पडली.

झालं असं, की एका गल्लीत वाहिनी बदलायची होती. खोदणाऱ्यांचा मुकादम काकांचा नवा नकाशा घेऊन गेला. नकाशात जिथे काहीच नव्हतं तिथे त्याने यंत्र लावलं, आणि तिथे मोठी वाहिनी होती. तिचा व्हॉल्व्हही नकाशात नव्हता. पाणी बंद करता येईना. तीन गल्ल्यांत गुडघाभर पाणी, आणि पुढचे दोन दिवस त्याच गल्ल्यांत प्यायला थेंब नाही. मुकादम चिखलाने माखलेला तसाच दुसऱ्या मजल्यावर आला, जुना नकाशा मागितला आणि त्याच्या डाव्या कडेला बोट ठेवून उभा राहिला. वाहिनी तिथे होती, व्हॉल्व्हही होता. काकांना त्याच्याकडे वर बघवेना.

साहेब भल्या स्वभावाचे होते, म्हणून त्यांना बोलताना जास्त त्रास झाला. तुमचा कॉम्प्युटर जुना झाला, काका, ते म्हणाले. महिनाअखेरपर्यंत पडदा ठीक करा, नाहीतर नवं यंत्र येईल, नवं सॉफ्टवेअर येईल, ते चालवायला नवा माणूस येईल आणि तुम्हाला खालच्या दप्तरखान्यात बसावं लागेल. महिना संपायला नऊ दिवस होते. काकांनी त्या नऊ दिवसांतल्या पाचांत सगळी सिस्टिम पुसून नव्याने चढवली. बाण डावीकडे गेला आणि गायब झाला. तेव्हा मात्र त्यांनी हात टेकले. खुर्चीत मागे रेलून ते नुसते बसून राहिले.

जागेवर जाऊन मोजमापं आणणाऱ्या एक बाई होत्या, चाळिशीच्या, पायात नेहमी चिखलाचे बूट. त्या कागद द्यायला आल्या आणि काकांचा चेहरा बघून थांबल्या. म्हणाल्या, मला त्या ड्रायव्हरमधलं काही कळत नाही, पण होतं काय ते एकदा दाखवा तरी. अकरा आठवड्यांत हे कुणी म्हटलंच नव्हतं. काकांनी कुणाला म्हणू दिलं नव्हतं हेही खरं.

काकांनी बाण हळूहळू डावीकडे नेला. "हा बघा. हा चालला. आणि... गेला."

"कुठे गेला?" बाई म्हणाल्या.

"तेच तर शोधतोय ना."

"काका, बाण तिथेच आहे."

त्या थट्टा करताहेत असं काकांना वाटलं. त्यांच्या थट्टेचा त्यांना एरवी राग येत नसे, आज आला. बाईंनी खुर्ची ओढली, शेजारी बसल्या. त्यांचा आवाज बदलला होता.

"तुम्ही मान हलवू नका. समोर, दोन पडद्यांच्या मधल्या फटीकडे बघा. मी पडद्यावर बोट ठेवते. सांगा कुठे आहे."

काका वाट बघत राहिले. मग म्हणाले, "ठेवा ना."

"ठेवलंय."

"नाही ठेवलेलं, बाई."

काकांनी मान वळवली. डाव्या पडद्याच्या अगदी मधोमध बाईंचा अख्खा पंजा टेकलेला होता, पाचही बोटं पसरून. तो कितीतरी वेळ तिथे असावा. काकांनी पुन्हा समोर बघितलं आणि पंजा गेला. काळं काही दिसलं नाही, भोक पडल्यासारखंही वाटलं नाही. तिथे हात असण्याइतकी जागाच जगात उरली नव्हती.

एका वेळी एक गोष्ट बदलायची. ड्रायव्हर बदलला, केबल बदलली, कार्ड बदललं, पडदे बदलले, सिस्टिम बदलली. खुर्चीतला माणूस तेवढा अकरा आठवडे तोच होता. काकांना हे कळायला क्षणभरसुद्धा वेळ लागला नाही. पद्धत त्यांचीच होती.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसवलं आणि ठिपका दिसला की बटण दाबायला सांगितलं. निघालेल्या कागदावर दोन्ही डोळ्यांची डावी बाजू काळीकुट्ट होती. डोळे उत्तम आहेत, डॉक्टर म्हणाले, आणि त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे स्कॅन झाला. मेंदूच्या मागच्या भागात, जिथे डोळ्यांनी पाठवलेलं चित्र लागतं, तिथला रक्तपुरवठा मध्येच तुटून एक तुकडा मेला होता. असा छोटा झटका आला तर पुष्कळांना कळतही नाही, माणूस हिंडतफिरत राहतो. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी विचारलं, साधारण कधीपासून आहे हे.

काकांनी पिशवीतून वही काढून दिली. डॉक्टरीण बाईंनी पहिलं पान वाचलं. मंगळवार, दहा चाळीस. मग त्या पानं उलटत गेल्या, सगळ्या तारखा, सगळ्या वेळा, खाली मारलेल्या रेघा. काकांची बायको शेजारी बसली होती. तिने त्या वहीकडे असं बघितलं, जसं कुणी घरात शिरलेल्या माणसाकडे बघावं.

"इतकी नोंद मला कुठल्या पेशंटने आणून दिली नव्हती," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "त्या मंगळवारी दुपारपर्यंत आला असतात, तर कदाचित काही करता आलं असतं. आता गेलेली नजर परत येईल असं मी सांगणार नाही. दुसरा झटका येऊ नये म्हणून गोळ्या देते. मान वळवून बघायची सवय करा."

बायको खालमानेने विचारत होती, काय खायचं, काय नाही. डॉक्टरीण बाईंनी कागदावर लिहिता लिहिता आणखी एक प्रश्न विचारला.

"गाडी वगैरे चालवत नाही ना तुम्ही?"

"नाही. पायीच जातो."

"मग बरं. असा माणूस गाडीवर, यंत्रावर एक दिवसही बसता कामा नये. स्वतः मरेल आणि दुसऱ्यालाही मारेल. त्याला शेवटपर्यंत वाटत असतं, सगळं दिसतंय."

काका उठून उभे राहिले. बायकोने दंडाला धरलं, तिला वाटलं चक्कर आली. काका म्हणाले, मला ऑफिसात जायचंय, आत्ता. ती म्हणाली, अहो, काय पेटलंय तिथे. रस्त्यात डाव्या बाजूने येणारी सायकल त्यांना दिसली नाही, बायकोने मागे ओढलं म्हणून वाचले.

त्यांच्या खुर्चीत मोजमापवाल्या बाई बसल्या होत्या. अकरा आठवड्यांत काढलेले एक्केचाळीस नकाशे पुन्हा डावीकडून तपासायचं काम साहेबांनी त्यांना दिलं होतं, आणि बाईंनी सगळ्या कळा पहिल्यासारख्या करून घेतल्या होत्या. काका आत आले तशा त्या संकोचाने उठल्या. काका म्हणाले, पाच मिनिटं द्या.

त्यांनी फोरम उघडला. मान वळवून वळवून, एकेक ओळ पकडत, आपलं ते लांबलचक उत्तर वाचलं. दोन देशांतल्या दोन माणसांचे डोळे. खाली पाखराचं, 'पटलं. वेळ रद्द केली.' त्याच्या नावाखाली बारीक अक्षरांत होतं, शेवटची हजेरी एकोणीस दिवसांपूर्वी. एवढा शहाणपणा आपल्याला कुणी शिकवला, असं काकांच्या मनात आलं आणि स्वतःची त्यांना किळस आली. माणूस दारापर्यंत गेला होता. त्याची बायको त्याला घेऊन चालली होती. त्याला बखोट धरून मागे आणलं, ते या शहाण्याने.

त्यांनी लिहिलं: 'ड्रायव्हरमध्ये दोष नाही. मला मेंदूचा झटका आला होता. तुम्हालाही तेच झालेलं असू शकतं. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. हे वाचाल त्या क्षणी क्रेनवरून खाली उतरा आणि डॉक्टरकडे जा. पुन्हा वर चढू नका.' पाठवलं. मग फोरम चालवणाऱ्यांना लिहिलं की या माणसाचा फोन, पत्ता, काही असेल तर द्या, जिवाचा प्रश्न आहे. त्यांचं उत्तर लगेच आलं. सदस्यांची माहिती आमच्याकडे नसते, असली तरी देता येत नाही, तुमच्या तब्येतीसाठी शुभेच्छा.

जगात किती बांधकामं असतील. किती क्रेन असतील. काकांनी बायकोला खाली बाकावर बसवून ठेवलं होतं, तिने दोनदा निरोप पाठवला. पाच मिनिटांचा तास झाला, मग दुसरा. ते पान पुन्हा पुन्हा ताजं करत होते. साहेब दारापाशी येऊन उभे राहिले आणि गेले. दप्तरखान्याची किल्ली टेबलाच्या कडेला ठेवलेली होती. ती केव्हा ठेवली, काकांनी बघितलं नव्हतं.

मोजमापवाल्या बाई खिडकीपाशी थांबल्या होत्या. काकांनी त्यांना जवळ बोलावलं.

"बाई, डावीकडे काही उत्तर आलंय का बघा बरं. आलं असेल. मलाच दिसत नसेल."

बाई वाकल्या. त्यांनी डावा पडदा वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला, मग उजवाही वाचला.

"नाही, काका," त्या म्हणाल्या. "काही आलेलं नाही."